मोटर पायांना हात देते, बैठकीला नाही

इलेक्ट्रिक सायकल चालवू लागलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांत अंतराचा अंदाज नव्याने बांधावा लागतो. पूर्वी जे दहा किलोमीटर दम काढत असत ते आता सहज सरतात. दहाचे वीस होतात, विसाचे चाळीस होतात आणि एके दिवशी साठ किलोमीटरच्या सफरीचा बेत ठरतो. त्या सफरीवरून परतताना पायांत त्राण असते, श्वास शांत असतो, बॅटरीतही थोडी वीज शिल्लक असते. मात्र शेवटचे पंधरा किलोमीटर सीटवर धड बसवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी साध्या खुर्चीवरही जपून टेकावे लागते.

कष्ट मोटरने उचलले असतील तर दुखणे कमी व्हायला हवे होते, ते वाढले कसे, हा प्रश्न अनेकांना पडतो आणि बहुधा "सीट वाईट आहे" एवढ्या उत्तरावर सोडून दिला जातो. मला हे उत्तर अपुरे वाटते. तिसरी-चौथी सीट घेऊनही पुष्कळ जण होते तिथेच राहतात, कारण दुखण्याचे मूळ सीटच्याही आधी, माणसाचे वजन सायकलवर कसे वाटले जाते यात आहे. मोटर पायांचे काम हलके करते आणि पायांनी तोललेला भार नकळत बैठकीवर सोपवते. लांबच्या सफरीत सुखाने बसण्याचे सगळे उपाय या एका गोष्टीपाशी येऊन मिळतात.

ही सायकल मदत करते म्हणजे काय करते?

या लेखात इलेक्ट्रिक सायकल म्हणजे पेडल मारल्यावरच जिची मोटर चालते ती सायकल. सायकलला विजेची मोटर जोडण्याची कल्पना बरीच जुनी आहे. चाकाच्या तुंब्यात मोटर बसवलेल्या सायकलचे पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ मध्येच मिळाले होते. पेडलवरचा जोर ओळखून त्याला साथ देणारी सायकल मात्र जपानच्या यामाहाने १९९३ मध्ये बाजारात आणली, आणि आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक सायकली त्याच विचाराच्या आहेत. युरोपीय संघाच्या नियमांनुसार अशा सायकलच्या मोटरची सलग चालणारी शक्ती २५० वॅटपेक्षा जास्त असू नये आणि वेग ताशी २५ किलोमीटरला पोहोचला की मोटरची साथ सुटावी, असे बंधन आहे.

पाय काय करत आहेत याची खबर मोटरला देणारा भाग म्हणजे सेन्सर. तो दोन प्रकारचा असतो. एक प्रकार फक्त पेडल फिरते आहे की नाही एवढेच पाहतो. पाय नुसते गोल फिरत राहिले, त्यात जोर नसला, तरी मोटर आपले काम करत राहते. दुसरा प्रकार पेडलवर किती जोर पडला ते मोजतो आणि त्या पटीत साथ देतो. चालवताना हा फरक लगेच लक्षात येतो, पण बैठकीच्या दृष्टीने तो किती मोलाचा आहे हे फारसे कोणी सांगत नाही. पहिल्या प्रकारच्या सायकलवर पायांवर काहीच भार न घेता तासन्तास बसून राहणे शक्य असते, आणि बैठकीचे हाल नेमके तिथे सुरू होतात.

वजन जाते कुठे?

सायकलवर बसलेला माणूस तीन ठिकाणी टेकलेला असतो: हात हँडलवर, पाय पेडलवर आणि बैठक सीटवर. शरीराचे वजन या तिघांनी मिळून उचलायचे असते. एकाने हात काढून घेतला तर बाकीच्यांवर ओझे वाढते, जड कपाट उचलणाऱ्या तिघांतला एक बाजूला झाल्यावर होते तसेच.

पेडल खाली दाबले की पेडलही तितक्याच जोराने पायाला वर ढकलते, आणि त्या प्रमाणात शरीर सीटवरून किंचित हलके होते. याचा ढोबळ हिशेब करता येतो. समजा, एखादा माणूस मोटरविना चढ चढताना २०० वॅट शक्ती लावतो आहे, पेडलचे मिनिटाला ६० फेरे होत आहेत आणि पेडलचा दांडा १७ सेंटीमीटर लांबीचा आहे. अशा वेळी पायांचा सरासरी जोर सुमारे १९ किलो वजनाइतका भरतो. आता मोटरने त्यातले १२० वॅट उचलले आणि माणसाकडे ८० वॅट उरले, तर तोच जोर साडेसात किलोच्या आसपास येतो. मधले अकरा किलोहून अधिक ओझे नाहीसे झालेले नसते. ते हातांवर आणि मुख्यतः सीटवर जाऊन बसलेले असते.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. इलेक्ट्रिक सायकलींची ठेवण बहुधा ताठ बसायला लावणारी असते, त्यामुळे हातांवरचा भारही घटतो आणि तोही मागे सरकतो. शिवाय साध्या सायकलवर चढ आला, थांबून पुन्हा निघायचे झाले, समोरून वारा सुटला की माणूस आपोआप सीटवरून उठून उभ्याने पेडल मारतो आणि बैठकीला नकळत विश्रांती मिळते. मोटर असली की उठण्याचे कारणच उरत नाही. दीड तास एकदाही न उठता बसून राहणे हा साध्या सायकलवर अपवाद असतो. इलेक्ट्रिक सायकलवर तो नेम होऊन जातो.

दुखते म्हणजे नक्की काय दुखते?

"सीट टोचते" या एका वाक्यात तीन वेगवेगळी दुखणी मिसळलेली असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत, म्हणून आधी ती वेगळी करून घ्यायला हवीत.

पहिले दुखणे हाडांचे आहे. कमरेच्या हाडाच्या तळाशी डावी-उजवीकडे दोन गोलसर उंचवटे असतात. कठीण बाकावर बसून दोन्ही हात खाली सरकवले तर ते हाताला लागतात. त्यांना आपण बैठकीची हाडे म्हणू. वजन पेलण्यासाठी निसर्गाने नेमलेली जागा तीच आहे. त्यांच्यावरची त्वचा आणि स्नायू यांवर सतत दाब राहिला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात. बोटाने नख दाबून धरले की ते पांढरे पडते आणि सोडले की पुन्हा गुलाबी होते; सीटवर बसलेल्या त्वचेचे तेच होत असते, फक्त आपण तासभर बोट सोडलेलेच नसते. ठसठसणारे, दोन ठरावीक ठिकाणी होणारे दुखणे हे असे.

दुसरे दुखणे म्हणजे बधिरता. दोन हाडांच्या मधल्या मऊ भागातून जननेंद्रियांकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. सीटचे पुढचे निमुळते टोक, ज्याला सायकलवाले नाक म्हणतात, त्या भागावर दाबले गेले की मुंग्या येतात आणि मग तिथे संवेदनाच उरत नाही. पुष्कळ लोक हे संकोचाने कुणाला सांगत नाहीत आणि किरकोळ समजून पुढे जात राहतात, याचे मला वाईट वाटते, कारण या तिघांत सर्वांत गंभीर दुखणे हेच आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पुरुष पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीटवर बसवून पाहिले होते आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सायकल चालवताना बधिरता येत नाही असे सांगणारे सुरुवातीला २७ टक्के होते. सहा महिन्यांनी ते ८२ टक्के झाले. बिननाकाची सीट प्रत्येकाला मानवते असे नाही, कारण वळताना मांड्यांनी सायकल सावरायला नाकाचा आधार होतो, पण दाब कुठे पडतो यावर किती अवलंबून असते ते या आकड्यांतून स्पष्ट दिसते. स्त्रियांनाही पुढच्या मऊ भागावरच्या दाबाचा त्रास तितकाच होतो, आणि मधे खाच असलेली सीट घेतली तरी त्या खाचेच्या कडा टोचत नाहीत ना, हे प्रत्यक्ष बसूनच पाहावे लागते.

तिसरे दुखणे त्वचेचे: घासणे, ओल, त्यातून येणारे लाल चट्टे आणि फोड. त्याचा संबंध दाबापेक्षा कपड्यांशी आणि स्वच्छतेशी अधिक आहे.

"मग जाड, मऊ गादी घातली की झाले!"

हा सर्वांत स्वाभाविक उपाय आहे आणि लांबच्या सफरीत सर्वांत जास्त फसवणाराही. दुकानात बोटाने दाबून पाहिलेली मऊ सीट पहिल्या पाच किलोमीटरला छान वाटते. चिखलात पाय रुतला की दोन्ही बाजूंनी चिखल वर येतो. तसेच बैठकीची दोन हाडे जाड फोममध्ये रुतली की त्यांच्या मधला फोम वर उचलला जातो आणि थेट त्या मऊ, नाजूक भागावर दाबतो. हाडांनी घ्यायचा भार नसांवर जातो. मऊ सोफ्यात तासभर रुतून बसल्यावर अंग अवघडते, पण लाकडी बाकावर पातळ सतरंजी टाकून माणूस त्याहून जास्त वेळ बसतो, हा अनुभव बहुतेकांचा आहे. वीस-पंचवीस मिनिटांच्या फेरीसाठी मऊ सीट वापरायला माझी हरकत नाही. तीन तासांसाठी मात्र घट्ट पण योग्य रुंदीची सीट हवी.

रुंदी ठरवण्याची घरगुती रीत सोपी आहे. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कठीण पायरीवर ठेवावा, पातळ कपड्यांत त्यावर बसावे, सायकलवर जितके पुढे झुकतो तितके झुकावे आणि अर्धा मिनिट तसेच बसावे. उठल्यावर तिरप्या उजेडात पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजावे; ते बहुतेकांचे दहा ते चौदा सेंटीमीटरच्या दरम्यान भरते. पुढे झुकून चालवणाऱ्याने त्यात सुमारे दोन सेंटीमीटर मिळवावेत, ताठ बसणाऱ्याने तीन ते चार, आणि जी बेरीज येईल तितकी सीटची मागची रुंदी असावी. माणूस अंगाने स्थूल आहे की सडपातळ, यावरून हाडांतले अंतर कळत नाही. म्हणून शरीर पाहून सीट सुचवणाऱ्याच्या सल्ल्यापेक्षा पुठ्ठ्यावरचे खळगे खरे मानावेत.

चामड्याच्या सीटचा प्रकार यापेक्षा निराळा आहे. इंग्लंडमधील जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८८२ मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि लांबचे प्रवासी आजही ती आवडीने वापरतात. तिच्यात फोम नसतो. बाजेची सुतळी चौकटीवर ताणलेली असते तसे जाड चामडे पुढच्या-मागच्या टोकांमध्ये ताणलेले असते आणि वापरणाऱ्याच्या हाडांप्रमाणे ते हळूहळू खोलगट होत जाते. पहिले काही शे किलोमीटर ती कठीण वाटते, पावसापासून तिला जपावे लागते, पण एकदा बसली की ती त्या माणसाचीच होते.

"सीट उंच केली तर पाय जमिनीला टेकत नाहीत"

ही भीती खोटी नाही. इलेक्ट्रिक सायकल वीस-पंचवीस किलोची असते आणि थांबताना ती कलली तर सावरणे कठीण जाते, म्हणून अनेक जण दोन्ही तळवे जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवतात. त्याची किंमत प्रत्येक किलोमीटरला मोजावी लागते. सीट खाली असली की गुडघा सतत दुमडलेला राहतो, पेडलवर पुरेसा जोर देता येत नाही आणि भार पुन्हा बैठकीवर जातो. वर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते ते वेगळेच.

योग्य उंची शोधण्यासाठी भिंतीला टेकून सायकलवर बसावे आणि टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खालच्या बिंदूला न्यावे. त्या स्थितीत पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. मग चालवताना तळव्याचा पुढचा भाग पेडलवर आला की गुडघ्यात आपोआप २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. हिशेबाची आवड असणाऱ्यांसाठी अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखले जाणारे गणित आहे: अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला ०.८८३ ने गुणावे. जो आकडा येईल तितके अंतर पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत असावे. ऐंशी सेंटीमीटरला ते साडेसत्तर सेंटीमीटरच्या आसपास येते. हा आकडा सुरुवात करण्यासाठी चांगला आहे. पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल किंवा गुडघ्याच्या मागे ओढ लागत असेल, तर सीट जास्त वर गेली आहे असे समजावे.

उरला प्रश्न थांबण्याचा. थांबताना सीटवर बसून राहण्याचा हट्टच सोडून द्यावा: ब्रेक दाबत पुढे सरकून सीटवरून उतरावे, एक पाय जमिनीवर आणि दुसरा पेडलवर. निघताना वरच्या पेडलवर पाय ठेवून उभे राहावे आणि सायकल चालू लागली की मग बसावे. मोकळ्या मैदानात अर्धा तास सराव केला की हे अंगवळणी पडते. ज्यांना वयामुळे किंवा सांध्यांच्या दुखण्यामुळे ते जमत नाही, त्यांनी सीट वर-खाली करणारा दांडा बसवावा. हँडलवरची कळ दाबून बसल्या बसल्या सीट खाली घेता येते आणि निघाल्यावर पुन्हा वर.

सीट पुढे-मागे किती कललेली असावी याबद्दल थोडक्यात: सीट आडवी, पाणसळीत असावी. नाक वर असेल तर बधिरता येते. फार खाली झुकले तर माणूस पुढे घसरत राहतो आणि मनगटांवर भार येतो. बधिरता जातच नसेल तर एखाद-दोन अंश खाली करून पाहावे, त्याहून अधिक नाही.

हँडलबद्दलचा समज मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. जितके ताठ बसू तितके आरामशीर, असे वाटते आणि मानेपुरते ते खरेही आहे. पण पूर्ण ताठ बसलेल्या माणसाचा मणका प्रत्येक धक्का सरळ वर घेतो आणि जवळजवळ सगळे वजन सीटवर असते. कोपर किंचित वाकलेले, कंबरेतून थोडे पुढे झुकलेले शरीर लांबच्या सफरीला अधिक मानवते. मग हातांवर थोडा भार येतो. मनगट दुमडलेले नसावे, तळहाताला रुंद आधार देणारी मूठ असावी आणि दर थोड्या वेळाने पकड बदलावी. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, तर तळहाताच्या त्या कडेची नस दबते आहे.

रस्ता वर चढतो तो चाकातून

साध्या सायकलवर खड्डा दिसला की माणूस पेडलवर उभा राहतो आणि पाय धक्का जिरवतात. इलेक्ट्रिक सायकलवर तो बसलेलाच असतो, वेगही थोडा जास्त असतो, म्हणून धक्के सीटपर्यंत पोहोचण्याआधी अडवायला हवेत.

पहिली अडवणूक फुकटची आहे: टायरमधली हवा. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची किमान आणि कमाल मर्यादा छापलेली असते, आणि बहुतेक जण कमाल मर्यादेपर्यंत हवा भरून मोकळे होतात. पन्नास मिलिमीटरच्या आसपास रुंदीचा टायर असेल तर एका वेळी पाच पीएसआय (टायरवर छापलेले दाबाचे एकक) कमी करत छापील मर्यादेच्या आतच राहून पाहावे; मागच्या चाकावर वजन जास्त असते, म्हणून तिथे पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा ठेवावी. रिम जमिनीला लागल्यासारखी वाटली तर हवा जास्तच कमी झाली आहे.

दुसरी अडवणूक म्हणजे स्प्रिंग असलेला सीटचा दांडा. काही दांडे सरळ आत-बाहेर सरकतात, काही चार सांध्यांच्या जोडणीने सीटला मागे आणि खाली नेतात. दुसरे महाग असतात, पण बारीक खडबडाटही जिरवतात. बहुतेकांची हालचाल तीन ते पाच सेंटीमीटर असते. यात दोन चुका वारंवार होतात. एक, स्प्रिंग आपल्या वजनाप्रमाणे घट्ट-सैल करून घेतलीच जात नाही. दुसरी, उंची रिकाम्या सीटवर मोजली जाते. वजन पडल्यावर सीट खाली बसते, म्हणून बसलेल्या अवस्थेतच उंची जुळवायला हवी.

कपडे आणि त्वचा

अस्तर असलेली सायकलची चड्डी आतल्या कपड्यांवर घातली की तिचा निम्मा उपयोग जातो. आतल्या कपड्यांच्या शिवणी नेमक्या हाडांखाली येतात आणि सुती कापड घाम धरून ठेवते. ती थेट अंगावर घालायची असते आणि प्रत्येक सफरीनंतर धुवायची असते. ज्यांना घट्ट चड्डीत वावरणे अवघड वाटते त्यांनी वरून सैल पँट घालावी. घासणाऱ्या जागी मलम लावल्याने त्वचा सुखरूप राहते. घरी आल्यावर ओल्या कपड्यांत बसून न राहता लगेच अंग धुणे हा उपाय साधा असला तरी फोड टाळण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

"पायांनीच भार घ्यायचा, तर मोटर कशाला घेतली?"

हा आक्षेप रास्त आहे. मोटर वापरू नका असे माझे म्हणणे नाही. ती कुठे वापरायची ते ठरवून वापरावे, एवढेच म्हणणे आहे. सपाटीवर मदतीची पातळी एक पायरी खाली ठेवली की पायांना थोडा जोर लावावा लागतो आणि बैठक तेवढी हलकी होते. चढावर पातळी वाढवावी, कारण तिथे मोटरविना दम लागला असता आणि मोटर घेतली ती त्यासाठीच. पेडलचे मिनिटाला ६० ते ८० फेरे राहतील असा गिअर निवडावा. फार हलक्या गिअरमध्ये पाय नुसते भिरभिरतात आणि त्यांच्यावर काहीच वजन राहत नाही.

याच्या जोडीला दर दहा-पंधरा मिनिटांनी सीटवरून उठावे. दोन्ही पेडल आडव्या रेषेत आणावेत, फिरवणे थांबवावे आणि दहा-पंधरा सेकंद उभे राहावे. दाबलेले नख सोडले की रक्त परत येते, तोच हा प्रकार. जोर मोजणाऱ्या सेन्सरच्या सायकलवर उभ्याने पेडल मारायचे असेल तर आधी मदतीची पातळी उतरवावी. सगळे वजन पेडलवर आले की मोटरला तो जोरच वाटतो आणि सायकल अचानक पुढे झेपावते. साधी सायकल रस्त्याच्या उंच-सखलपणामुळे जी उठबस आपोआप करवते, ती इथे घड्याळ पाहून करावी लागते, आणि एवढी एक सवय महागड्या सीटपेक्षा जास्त फरक करते असे माझे ठाम मत आहे.

बॅटरीचा हिशेब आणि बैठकीचा हिशेब

बॅटरीत किती ऊर्जा मावते ते वॅट-तासांत मोजतात. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की तो आकडा मिळतो. ३६ व्होल्ट आणि १४ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ५०४ वॅट-तास. कमी मदतीवर, सपाट रस्त्याला किलोमीटरमागे सहा-सात वॅट-तास लागतात. भरपूर मदत, चढ आणि समोरचा वारा असेल तर पंधरा किंवा त्याहून जास्त. म्हणजे एकच बॅटरी कधी ऐंशी किलोमीटर जाते, कधी तीस-पस्तीस. चढाचा खर्च नेमका सांगता येतो: माणूस आणि सायकल मिळून १०० किलो असतील तर १०० मीटर उंची चढायला २७ वॅट-तास ऊर्जा लागते, मोटर आणि साखळीत वाया जाते ती वेगळी. सहाशे मीटर चढ असलेल्या मार्गावर हा आकडा १६० च्या वर जातो. पाय त्यातला जितका वाटा उचलतील तितकी बॅटरी वाचते. थंडीत बॅटरी नेहमीपेक्षा कमी अंतर देते, हेही धरून चालावे.

बॅटरी अंतराने, चढाने आणि वाऱ्याने संपते; बैठक वेळेने संपते. साठ किलोमीटर ताशी २० च्या वेगाने तीन तासांत होतात आणि ताशी २५ ने दोन तास चोवीस मिनिटांत, म्हणजे बैठकीची छत्तीस मिनिटे वाचतात. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याविरुद्ध लागणारी ऊर्जा प्रत्येक किलोमीटरला सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते. म्हणून सफर ठरवताना किती किलोमीटर याच्याआधी किती तास बसायचे आहे हा प्रश्न विचारावा, पाऊण-एक तासाने खाली उतरून पाच-दहा मिनिटे चालावे, आणि बॅटरी पुरेल की नाही या धास्तीने विसावे गाळू नयेत, कारण थांबलेल्या सायकलची मोटर वीज खात नाही.

"सवय झाली की आपोआप थांबेल"

हाडांच्या जागी होणारे दुखणे सवयीने खरोखर कमी होते. आठवड्यातून तीन-चार वेळा थोडे थोडे बसले तर काही आठवड्यांत तिथली त्वचा आणि स्नायू सरावतात. महिन्यातून एकदाच साठ किलोमीटर केले तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात होते. साध्या सायकलवर पाय थकून अंतराला लगाम घालतात आणि तेवढ्या काळात बैठक सरावत जाते. मोटरमुळे तो लगाम सुटलेला असतो, म्हणून बसण्याचा वेळ दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांनी वाढवत नेणे हे आपले आपणच पाळायचे असते.

बधिरतेची मात्र सवय करून घ्यायची नसते. ती आली की त्याच क्षणी उठावे आणि घरी पोहोचल्यावर सीटचा कल, उंची, रुंदी यांतले काहीतरी बदलावे. सायकलवरून उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशीही संवेदना परतली नसेल, लघवीला त्रास होत असेल किंवा फोड वाढून गरम आणि कठीण झाला असेल, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे आणि संकोच न करता आपण रोज किती वेळ सायकल चालवतो ते सांगावे.

बदल करताना एका वेळी एकच करावा. उंची, कल आणि हँडल एकाच दिवशी हलवले तर बरे वाटले तरी कशामुळे ते कळत नाही, आणि बिघडले तर परत कुठे जायचे तेही कळत नाही. सीट हलवण्याआधी दांड्यावर रंगीत चिकटपट्टीची खूण करावी, पाच मिलिमीटरच बदल करावा, त्यावर किमान दोन-तीन फेऱ्या माराव्यात आणि कुठे, किती वेळाने दुखले ते वहीत लिहावे. दांड्यावर वर ओढण्याची कमाल मर्यादा कोरलेली असते. तिच्यापलीकडे सीट कधीही नेऊ नये, आणि तरीही पाय पुरेसा सरळ होत नसेल तर लांब दांडा बसवून घ्यावा.